पॅच आला, सराव वाया गेला? फायटिंग गेममधल्या बॅलन्स अपडेटचं गणित

‘कालपर्यंत लागत होतं की! आज का लागंना झालंय?’

गेम अपडेट झाला की दुसऱ्या दिवशी फायटिंग गेमवाल्या कुठल्याही ग्रुपवर हा मेसेज येतोच. बटणं तीच, हात तोच, कंट्रोलरही तोच. पण महिनाभर घोटलेला कॉम्बो मध्येच तुटतो आणि कालपर्यंत मार खाणारा समोरचा गडी आज आरामात उलटा मारतो. मग कुणी म्हणतं नेट स्लो आहे, कुणी म्हणतं कंट्रोलर गेला. खरं कारण बहुतेक वेळा अपडेटसोबत आलेल्या यादीत लिहिलेलं असतं, आणि ती यादी कुणी वाचलेली नसते.

या बदलांना बॅलन्स पॅच म्हणतात. माझं शिक्षण लातूरला झालं, नोकरी नांदेडला आहे आणि दोन्हीकडच्या पोरांसोबत मी टेकन आणि स्ट्रीट फायटर खेळत आलोय. हा पॅच नेमकं काय करतो, तो का लागतो आणि सारखा सारखा आला तर कुणाला महागात पडतो, हे आज सोप्या भाषेत बघू.

आधी शब्द समजून घ्या

फायटिंग गेममध्ये वीस-तीस कॅरेक्टर असतात. प्रत्येकाची ताकद वेगळी. कुणी लांबून मारतो, कुणी जवळ येऊन पकडतो, कुणी नुसता पळवतो. या सगळ्यांना साधारण सारखी संधी मिळावी म्हणून कंपनी अधूनमधून आकडे बदलते. यालाच बॅलन्स करणं म्हणतात.

एखाद्या कॅरेक्टरची ताकद वाढवली तर तो बफ. कमी केली तर नर्फ. आणि सध्याच्या व्हर्जनमध्ये कोणते कॅरेक्टर आणि कोणत्या युक्त्या सगळ्यात जास्त चालतात, त्या एकूण चित्राला मेटा म्हणतात. पॅच आला की मेटा हलतो.

सगळे पॅच सारखे नसतात. काही फक्त बग दुरुस्त करतात. काही दोन-चार कॅरेक्टरांचे आकडे बदलतात. आणि काही थेट गेमचा नियमच बदलतात, म्हणजे ब्लॉक कसा चालतो, मीटर किती वेगाने भरतो वगैरे. तिसऱ्या प्रकारात तुमच्या कॅरेक्टरचं नाव यादीत नसलं तरी तुमचा खेळ बदललेला असतो.

एका आकड्याने काय होतं?

फायटिंग गेम सेकंदाला ६० चित्रांवर चालतो. एका चित्राला फ्रेम म्हणतात. म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, डोळ्याची पापणी लवण्याच्याही आतली.

प्रत्येक मूव्हचे तीन भाग असतात: हात उचलायला लागणारे फ्रेम, मार लागू शकतो ते फ्रेम आणि हात परत घेऊन सावरायला लागणारे फ्रेम. समजा तुम्ही लाथ मारली आणि समोरच्याने ती ब्लॉक केली. आता दोघांपैकी आधी मोकळा कोण होतो, हे बघायचं. तुम्ही त्याच्यापेक्षा ९ फ्रेम उशिरा मोकळे होत असाल तर ती लाथ ब्लॉकवर ‘उणे ९’ आहे असं म्हणतात.

टेकनमध्ये साधा उभ्याचा ठोसा, म्हणजे जॅब, १० फ्रेममध्ये लागतो. तुम्ही ९ फ्रेम अडकलेले आहात आणि त्याचा ठोसा यायला १० लागतात. म्हणजे तुम्ही वाचलात. ही लाथ ‘सेफ’ आहे, बिनधास्त मारा.

आता पॅच येतो आणि त्या लाथेचे ‘उणे ९’ चे ‘उणे १०’ होतात. एका फ्रेमचा फरक. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. पण आता समोरच्याने ब्लॉक करून लगेच जॅब दाबला तर तो दर वेळी लागणारच. जी लाथ तुम्ही दर फेरीत पाच वेळा मारत होता, ती आता पाच वेळा मार खायची सोय झाली. यादीत मात्र याबद्दल एकच ओळ असते.

म्हणूनच फायटिंग गेममधला पॅच बाकी गेमपेक्षा जास्त झोंबतो. टीमच्या गेममध्ये एक बंदूक कमजोर झाली तर दुसरी उचलता येते, सोबतीला तिघं असतात. इथे तुम्ही एकटे. आणि जे शिकलात ते डोक्यात कमी, बोटांत जास्त बसलेलं असतं. बोटांची सवय मोडायला वेळ लागतो.

पॅच नव्हते तेव्हा

टेकन ३ आर्केडमध्ये १९९७ ला आला आणि प्लेस्टेशनवर १९९८ ला. आपल्याकडे तो पुढे कितीतरी वर्षं गेम पार्लरमध्ये चालला. लातूरला आम्ही तासाच्या हिशोबाने पैसे देऊन खेळायचो. तो गेम सीडीवर होता, अपडेट हा प्रकारच नव्हता. एडी गोर्डो घेऊन लाथेची दोन बटणं कशीही बडवली तरी नवशिक्या पोरगा जिंकायचा. यावर आमच्याकडे उपाय एकच: ‘एडी घ्यायचा नाही.’ कंपनीने नाही, पोरांनीच काढलेला पॅच होता तो.

मोठ्या स्पर्धांतही हेच व्हायचं. १९९४ च्या सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बोमध्ये अकुमा हा लपवलेला कॅरेक्टर इतका भारी होता की स्पर्धांमध्ये त्याच्यावर बंदी घातली गेली. त्या काळात कंपनीला बॅलन्स सुधारायचा तर पार्लरवाल्याला नवीन बोर्ड विकावा लागायचा. स्ट्रीट फायटर टू आला १९९१ ला. १९९२ मध्ये चॅम्पियन एडिशन आली आणि त्याच वर्षी टर्बोही. म्हणजे पॅच तेव्हाही होते, फक्त ते लाकडी मशीनमध्ये बसून यायचे आणि पार्लरवाल्याच्या खिशातून यायचे.

पॅच नसण्याचा एक मोठा फायदा होता. सुपर स्मॅश ब्रदर्स मेली हा २००१ चा गेम. त्याला आजपर्यंत अपडेट मिळालेला नाही, तरी स्पर्धा चालू आहेत. त्यातला योशी हा कॅरेक्टर वर्षानुवर्षं मोठी स्पर्धा जिंकण्याच्या लायकीचा मानला जात नव्हता. आम्सा नावाने खेळणाऱ्या जपानी खेळाडूने तोच धरून ठेवला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘द बिग हाउस १०’ ही मोठी स्पर्धा जिंकली. एकवीस वर्षांत योशीला कुणी बफ दिला नाही. माणूस शिकत गेला, एवढंच. दर तीन महिन्यांनी आकडे हलत असते तर योशीमध्ये काय दडलंय हे शोधायला इतका वेळ कुणाला मिळालाच नसता.

मग पॅच हवेतच कशाला?

कारण प्रत्येक गेमचं नशीब मेलीसारखं नसतं.

त्याच मालिकेतल्या वी यू कन्सोलवरच्या गेममध्ये बायोनेटा ही कॅरेक्टर खूप भारी ठरली. शेवटचा पॅच २०१६ मध्येच येऊन गेला होता. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ईव्हो या फायटिंग गेमच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत अंतिम सामना बायोनेटा विरुद्ध बायोनेटा झाला आणि प्रेक्षकांनी चक्क आरडाओरडा करून नाराजी दाखवली.

दुसरं उदाहरण टेकन ७ चं. डिसेंबर २०१९ मध्ये लिरॉय स्मिथ हा नवीन कॅरेक्टर आला. जानेवारी २०२० च्या ईव्हो जपानमध्ये शेवटच्या आठ खेळाडूंपैकी सहा जण लिरॉय घेऊन खेळत होते. नंतर कंपनीने त्याला नर्फ दिला. तसा तो दिला नसता तर पुढचं वर्षभर आपण लिरॉयच बघत बसलो असतो. इथे पॅचने गेम वाचवला, हे मान्य करायलाच हवं.

म्हणजे प्रश्न पॅच हवा की नको हा नाही. प्रश्न किती वेळा, किती मोठा आणि कधी हा आहे.

औषध जास्त झालं की

टेकन ८ जानेवारी २०२४ मध्ये आला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या दुसऱ्या सीझनचा मोठा पॅच आला. खेळाडूंना वाटलं होतं की बचावाला थोडं बळ मिळेल. झालं उलटं. बहुतेक कॅरेक्टरांना आणखी आक्रमक मूव्ह मिळाले आणि समोरच्याने नुसता अंदाज लावत मार खायचा अशी स्थिती वाढली. स्टीमवर नकारात्मक रिव्ह्यूंचा पूर आला, मोठमोठ्या खेळाडूंनी उघड टीका केली आणि कंपनीला काही आठवड्यांतच दुरुस्तीचे पॅच काढावे लागले.

आता खेळाडूच्या जागी उभं राहून बघा. एप्रिलच्या सुरुवातीला नवीन पॅच, मग त्यावर दुरुस्ती, आणि समोर स्पर्धा. तुम्ही नेमका कोणता गेम शिकायचा?

स्ट्रीट फायटर ६ ने वेगळी चाल धरली. गेम जून २०२३ ला आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅपकॉम कपचा अंतिम टप्पा झाला आणि तैवानच्या उमा या खेळाडूने दहा लाख डॉलर जिंकले. त्यानंतर, मे २०२४ मध्ये, अकुमासोबत सगळ्यांना हात लावणारा पहिला मोठा बॅलन्स पॅच आला. मधल्या काळात छोट्या दुरुस्त्या झाल्या, पण मोठा बदल सीझन संपल्यावर. काही जणांना हे फार सावकाश वाटलं. पण वर्षभर खेळाडूला माहीत होतं की पायाखालची जमीन हलणार नाही.

भारताशी जोडलेलं उदाहरण याहून गमतीचं आहे. हांगचौच्या आशियाई स्पर्धा २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाल्या. तिथे ई-स्पोर्ट्सला पहिल्यांदाच अधिकृत पदकं होती. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास फायटिंग गेममध्ये उतरले. तोपर्यंत बाजारात स्ट्रीट फायटर ६ येऊन गेला होता, पण स्पर्धेत ठेवला होता आधीचा स्ट्रीट फायटर ५. त्याचा शेवटचा मोठा बॅलन्स बदल मार्च २०२२ मधला. म्हणजे दीड वर्ष न हललेला गेम. सुवर्णपदक मिळालं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूला. वय ४४. लहानपणापासून स्ट्रीट फायटर खेळत आलेला माणूस. निव्वळ गेम स्थिर होता म्हणून तो जिंकला असं मी म्हणणार नाही. पण ज्याचं भांडवल वेग नाही, अनुभव आहे, त्याला स्थिर गेम पुरतो, एवढं नक्की.

पॅच सगळ्यांना सारखा, सराव नाही

आता आपल्याकडे येऊ. कंपनीचं म्हणणं असतं की पॅच सगळ्यांना एकाच दिवशी मिळतो, मग अन्याय कसला? साधं गणित करा.

आमच्यातला एक बारावीचा पोरगा आहे. क्लास, कॉलेज, टेस्ट सिरीज यातून त्याला आठवड्याला तीन तास मिळतात. तीन महिने म्हणजे १३ आठवडे, म्हणजे ३९ तास. त्याच्यासमोर ऑनलाइन येणारा एखादा पूर्ण वेळ खेळणारा रोज सहा तास सराव करतो. त्याचे ३९ तास एका आठवड्यात होतात.

दोघांच्या डोक्यावर एकच पॅच पडला आणि दोघांचंही ३९ तासांचं शिकलेलं वाया गेलं असं धरा. एक जण पुढच्या रविवारी जागेवर आला. दुसरा तीन महिन्यांनी. आणि पॅच दर तीन महिन्यांनी येत असेल तर दुसरा कधीच जागेवर येत नाही. तो कायम जुन्या गेमची तयारी करून नवीन गेमची परीक्षा देत असतो.

त्यात नेटचा खर्च. टेकन ८ ला साधारण १०० जीबी जागा लागते. दिवसाला दोन जीबीच्या पॅकवर एवढं उतरवायला पन्नास दिवस लागतील. वायफाय नसलेल्या रूमवर दोन-तीन जीबीचा पॅच आला तर त्या दिवशीचं नेट तिथेच संपतं, खेळायला काही उरत नाही. ज्याच्याकडे स्वतःचा कन्सोल नाही, त्याचा तर सरावाचा प्रत्येक तास पैसे मोजून घेतलेला असतो. वारंवार येणारा पॅच अशा पोराला बाहेर काढत नाही, पण हळूहळू कंटाळून सोडायला लावतो. आमच्या ग्रुपमधले तिघं असेच गेले. भांडण नाही, काही नाही. ‘परत पहिल्यापासून कोण शिकणार’ म्हणाले आणि यायचे बंद झाले.

दुसरी बाजूही सांगतो. पॅच आला की जुन्या खेळाडूचे ठरलेले डावही मोडतात आणि नवख्याला वाटतं, चला, आता सगळे सारख्या रेषेवर. हे थोडे दिवस खरंही असतं. पण ती रेषा पुन्हा ओलांडतो तोच, ज्याच्याकडे वेळ जास्त आहे.

नीटच्या पॅटर्नसारखं

लातूर-नांदेडच्या पोरांना हे लगेच पटेल. २०२१ ते २०२४ या काळात नीटला प्रत्येक विभागात जादा प्रश्न असायचे: २०० पैकी १८० सोडवायचे. कोणते वीस सोडायचे हीसुद्धा एक कला होती आणि ट्यूशन एरियात त्याचीही तयारी करून घेतली जायची. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं की आता १८० च प्रश्न, सगळे सक्तीचे, वेळ १८० मिनिटं. परीक्षा ४ मे ला.

काय वाया गेलं? प्रश्न सोडून देण्याची युक्ती. काय टिकलं? फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. ज्याचा अभ्यास पक्का होता त्याची युक्ती गेली, अभ्यास राहिला. ज्याची सगळी भिस्त युक्तीवर होती, त्याला जड गेलं.

आणि कल्पना करा, हा पॅटर्न दर महिन्याला बदलला असता तर? तर अभ्यास करणाऱ्यापेक्षा रोज नवीन सर्क्युलर वाचणारा पुढे गेला असता. फायटिंग गेममध्ये वारंवारच्या पॅचमुळे नेमकं हेच होतं.

काय जातं, काय राहतं?

पॅचने जाणाऱ्या गोष्टी: ठरावीक कॉम्बो, ठरावीक सेफ मूव्ह, ‘हा कॅरेक्टर सगळ्यात भारी’ ही यादी.

पॅचने न जाणाऱ्या गोष्टी: समोरच्यापासून किती अंतरावर उभं राहायचं, त्याची सवय ओळखणं, त्याची मूव्ह हुकली की लगेच मारणं, घाबरल्यावर बटणं न बडवणं.

पुरावा हवा असेल तर लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशकडे बघा. २०१९ मध्ये तो ईव्हो जपान आणि अमेरिकेतली ईव्हो दोन्ही जिंकला, तेव्हा जगाला तो जवळजवळ माहीत नव्हता. २०२३ ची ईव्हो त्याने टेकन ७ मध्ये जिंकली आणि २०२४ ची टेकन ८ मध्ये. मध्ये आकडेच नाही, अख्खा गेम बदलला होता.

मग तुम्ही काय करायचं?

एक, पॅच नोट्स वाचा, पण सगळ्या नाही. आधी गेमच्या नियमांतले बदल, मग तुमचा कॅरेक्टर, मग ज्यांच्याशी तुम्ही नेहमी हरता ते दोन-तीन कॅरेक्टर. बाकीचं नंतर.

दोन, अपडेटच्या दिवशी थेट रँक खेळू नका. ट्रेनिंग मोडमध्ये तुमच्या सगळ्यात जास्त वापरात असलेल्या पाच मूव्ह तपासा. ब्लॉक झाल्यावर काय होतं, कॉम्बो पुरा होतो का. अर्ध्या तासाचं काम आहे.

तीन, वेळ कमी असेल तर एकच कॅरेक्टर धरा. दर पॅचला ‘सगळ्यात भारी’ कॅरेक्टरच्या मागे धावणं हे रोज सहा तास असणाऱ्यांचं काम.

चार, फोनवर शॅडो फाइट ४ अरेना किंवा ब्रॉलहल्लासारखे गेम खेळत असाल तर प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर वरच्या तीन टिंबांत ऑटो अपडेटची खूण काढता येते. म्हणजे नेट कधी खर्च करायचं ते तुम्ही ठरवाल. मात्र ऑनलाइन गेम जुन्या व्हर्जनवर फार दिवस चालू देत नाहीत आणि काही बदल थेट सर्व्हरवरून येतात, ते थांबवता येत नाहीत.

पाच, गावात छोटी स्पर्धा ठेवत असाल तर व्हर्जन नंबर आधीच जाहीर करा. बहुतेक गेममध्ये तो टायटल स्क्रीनवर किंवा मेनूत दिसतो. सगळ्या मशीनवर तोच ठेवा आणि स्पर्धेच्या आधी आठवडाभरात आलेला पॅच घ्यायचा की नाही, हा निर्णय स्पर्धेच्या दिवशी नाही, आधी सांगा. नांदेडला आम्ही आता हाच नियम लावलाय. वाद निम्मे झाले.

माझं मत विचाराल तर वर्षाला एक मोठा पॅच, तो स्पर्धांचा सीझन संपल्यावर, आणि मध्ये फक्त अगदीच बिघडलेल्या गोष्टींची दुरुस्ती, एवढं पुरे. गेम ताजा राहावा हे कंपनीला हवं असतं, ते समजू शकतो. पण आठवड्याला तीन तास काढून खेळणाऱ्यालाही एकदा तरी गेम पूर्ण शिकून झाल्याचं समाधान मिळायला हवं.